आधी ब्रेड, मग दालचिनी

मिनिआपोलिस,
रविवार

चि. मुक्तास,


तुझा प्रश्न वाचला. ब्रेड कापला की चक्रीच्या कडेकडेने पोकळी, वरचा पापुद्रा सुटलेला आणि तळाशी दालचिनी-साखरेचा चिकट थर. भरण कमी करू का, असं विचारतेस. मुळीच नको. भरण कमी केलंस तर पोकळीही कमी होईल, पण मग दालचिनीचा ब्रेड करायचाच कशाला? भरणाचा दोष थोडा आहे, तो सांगते. जास्त दोष पिठाचा आहे. सगळं लक्ष तू त्या तपकिरी चक्रीवर दिलंस आणि ज्याच्या पोटात ती बसायची तो ब्रेड मात्र उरकून टाकलास. हे उलट्या क्रमाने शिकायचं असतं. आधी नुसता दुधाचा मऊ पांढरा ब्रेड जमव. तो जमला की चक्री हे एका दुपारचं काम.

तरी आधी पोकळीचं कारण सांगते, नाहीतर पुढचं काही तू वाचणार नाहीस. लाटलेल्या पिठाच्या दोन थरांमध्ये साखर असते. ती पिठातलं पाणी ओढून घेते आणि पाझरायला लागते. ओव्हनमध्ये त्या पाण्याची वाफ होते. वाफेला बाहेर पडायला जागा हवी असते, ती मिळत नाही, मग ती दोन थरांना एकमेकांपासून दूर सारते. त्यात तू साखरेखाली वितळलेलं बटर फासतेस. बटर लावलेले थर धरून राहत नाहीत, निसटतात. सिनॅमन रोलला हे चालून जातं, कारण तिथे सुरळीचे तुकडे कापून ते पसरट ट्रेमध्ये ठेवतात, कापलेली बाजू उघडी राहते आणि वाफ सहज निघून जाते. लोफच्या पोटात ती कोंडते. म्हणून रोलची कृती उचलून लोफला लावायची नाही. इंटरनेटवरच्या निम्म्या कृती तेवढंच करतात असं माझं मत आहे.

बटरऐवजी फेटलेलं अंडं लाव. एका अंड्यात चमचाभर पाणी घालून फेट आणि ब्रशने अगदी पातळ हात फिरव. तापल्यावर अंड्यातलं प्रथिन आवळतं आणि थर एकमेकांना धरून ठेवतं. उरलेलं अंडं भाजण्याआधी वरून लावायला होतं. घरात दुसरं अंडं नसेल तर दुधाचा हात लाव. पकड थोडी कमी मिळेल, पण बटरपेक्षा नक्की बरी. भरणात एक टेबलस्पून मैदा मिसळ, तो साखरेचं पाणी शोषून घेतो. ब्राऊन शुगरमध्ये मळी असते म्हणून ती मुळातच ओलसर. चव मात्र तिचीच चांगली. तेव्हा 35 ग्रॅम ब्राऊन शुगर आणि 35 ग्रॅम इथली पिठीसाखर घे. अमेरिकन पिठीसाखरेत गुठळ्या होऊ नयेत म्हणून कॉर्नस्टार्च घातलेला असतो, तोही इथे आपल्या कामाला येतो. त्यात एक टेबलस्पून, म्हणजे साधारण 8 ग्रॅम, दालचिनी आणि चिमूटभर मीठ. बस्स. अक्रोड, मनुका पुढे कधीतरी. घनरूप काहीही घातलं की थर आणखी दूर जातात.

आता पिठाकडे वळू. पहिली गोष्ट म्हणजे कपाने मोजणं सोड. हलक्या हाताने चमच्याने भरलेला एक कप मैदा 120 ग्रॅमच्या आसपास भरतो. तोच कप पिशवीत खुपसून काढला तर 150 पर्यंत जातो. 3 कपांना 90 ग्रॅमचा फरक, म्हणजे त्याच दुधात पाव हिश्श्याने जास्त पीठ. मग एकदा ब्रेड वीट होतो, एकदा चिखल, आणि आपण यीस्टला शिव्या घालतो. तुझी आई काहीही न मोजता पुरणपोळी करते हे मला ठाऊक आहे. तिच्या अंदाजामागे तीस-पस्तीस वर्षांचा एकच डबा, एकच चक्की आणि तेच हात आहेत. या पिठाशी तुझी ओळख अजून झालेली नाही. ती होईपर्यंत काट्यावर विश्वास ठेव.

पीठ ब्रेड फ्लॉअरच घे, साधा ऑल-पर्पज नको. चक्की आट्याचा मोह तर अजिबात नको. आट्यातला कोंडा ग्लुटेनचे धागे तोडतो, आणि चक्कीत रगडून निघालेलं ते पीठ पाणीही बरंच जास्त पितं. हवाच असेल तर चौथा हिस्सा घाल आणि दूध थोडं वाढव. ब्रेड फ्लॉअरमध्ये प्रथिन 12 ते 13 टक्के असतं. दूध, अंडं, साखर, बटर एवढं सगळं घेऊन उंच उभं राहायचं तर पिठाला हे बळ लागतं.

हे पीठ ज्या गव्हाचं, त्यावरच माझं हे गाव उभं राहिलं. मिनेसोटा आणि डकोटाकडचा वसंतात पेरायचा लाल गहू फार कठीण. दगडी जात्यात त्याच्या कोंड्याचा भुगा व्हायचा, तो पिठात मिसळायचा आणि पीठ काळपट निघायचं. कोंडा वेगळा काढणारी यंत्रं आणि पोलादी रूळ आले, तेव्हा याच गव्हाला सोन्याचा भाव आला. मिसिसिपीवरच्या सेंट अँथनी धबधब्याच्या पाण्यावर गिरण्या फिरायला लागल्या आणि 1880 पासून पुढे जवळजवळ 1930 पर्यंत जगात सगळ्यात जास्त पीठ इथे दळलं जात होतं. 2 मे 1878 ला वॉशबर्न ए या गिरणीत हवेतल्या पिठाच्या धुळीने पेट घेतला, स्फोट झाला आणि 18 कामगार गेले. ती गिरणी पुन्हा बांधली, पुढे बंद पडली, 1991 मध्ये जळाली आणि त्या पडक्या भिंतींमध्ये आता मिल सिटी म्युझियम आहे. उन्हाळ्यात आलीस की नेईन. पिठाच्या पिशवीकडे तू मग इतक्या बेफिकिरीने बघणार नाहीस.

साडेआठ बाय साडेचार इंची टिनचं प्रमाण लिहून घे. नऊ बाय पाचचा टिन याला मोठा होतो, ब्रेड पसरट बसतो. ब्रेड फ्लॉअर 360 ग्रॅम, दूध 200 मिली, एक अंडं, साखर 40 ग्रॅम, बटर 55 ग्रॅम, मीठ 7 ग्रॅम आणि इन्स्टंट यीस्टचं एक पाकीट, तेही 7 ग्रॅमचं असतं.

दूध तापवून घे. आपल्या घरात हे सांगावं लागत नाही, पण इथे गॅलनचं दूध सरळ फ्रिजमधून ओतायची सवय लागते. पाश्चराइझ केलेल्या दुधातही काही प्रथिनं अशी शिल्लक राहतात जी ग्लुटेनला ढिलं करतात आणि ब्रेड बुटका ठेवतात. उकळी फुटायच्या बेतात आलं की ती निकामी होतात. मग दूध बोट सहज बुडवता येईल इतकं निवू दे आणि तेव्हाच यीस्ट घाल. गरम दुधात यीस्ट मरतं.

ब्रेड तिसऱ्या दिवशीही मऊ हवा असेल तर आणखी एक युक्ती. याच प्रमाणातलं 20 ग्रॅम पीठ आणि 100 मिली दूध घेऊन मंद आचेवर ढवळत राहा. 65 अंश सेल्सिअसच्या सुमाराला ते एकदम घट्ट, चकचकीत होतं. पिठातल्या स्टार्चने तेवढं दूध आता पकडून ठेवलेलं असतं. निवल्यावर हे बाकीच्या पिठात घाल. जपानी पावाच्या मऊपणामागे हेच आहे. 2007 मध्ये तैवानमध्ये इव्हॉन चेन यांचं पुस्तक आलं आणि ही रीत घरोघरी गेली.

मळताना बटर शेवटी. आधी सगळं एकत्र करून वीस मिनिटं झाकून ठेव, मग मळायला घे, आणि गोळा गुळगुळीत झाल्यावर मऊ बटर थोडं थोडं. चरबी आधीच घातली तर ती पिठाच्या कणांवर बसते आणि ग्लुटेन जुळायला वेळ लागतो. बटर घालताना गोळा अचानक विस्कटतो, हाताला लपलप लागतो आणि वाटतं सगळं बिघडलं. नेमकं तिथे तू जास्तीचं पीठ भुरभुरवत असणार, मला न सांगताही कळतं. भुरभुरवू नकोस. मळत राहा, पाच-सात मिनिटांत सगळं पुन्हा जुळून येतं. लिंबाएवढा तुकडा घेऊन चारी बाजूंनी हळू ताण. न फाटता त्याचा पातळ पडदा झाला, पलीकडचा उजेड दिसला, की मळणं झालं. फाटला तर अजून मळ. घड्याळ बघू नकोस, पडदा बघ.

पहिलं फुगणं म्हणजे गोळा दुप्पट होईपर्यंत. किती वेळ, ते तुझं स्वयंपाकघर ठरवेल. तुझ्या ओहायोच्या जानेवारीत ओव्हनचा नुसता दिवा लावून आत ठेव, तेवढी ऊब पुरते. ऑफिस असेल तर रात्री मळून फ्रिजमध्ये टाक आणि सकाळी लाट. मला तर हेच जास्त आवडतं. थंड पीठ लाटायला सोपं, भरण वितळत नाही आणि चवही गहिरी येते.

दालचिनी पिठात मिसळायची नाही. वास सगळीकडे लागेल म्हणून तू चमचाभर घातलीस, ना? दालचिनीचा झोंबणारा वास ज्या तेलातल्या द्रव्यामुळे येतो, ते सिनामाल्डिहाइड यीस्टला दडपतं. बुरशी आणि जंतू मारायला तेच द्रव्य कामाला येतं, आणि यीस्ट ही बुरशीचीच जात. म्हणून दालचिनी भरणात ठेवायची, पिठापासून वेगळी. पिठाला वास हवा असेल तर वेलची घाल. ही आपली भर असं मात्र कुणाला सांगू नकोस. स्वीडिश घरांत दालचिनीच्या बनच्या पिठात वेलची कधीपासून घालतात, आणि मिनेसोटा स्वीडिश-नॉर्वेजियन लोकांनी भरलेलं आहे. माझ्या शेजारच्या आजी वेलची खलबत्त्यात जाडसर कुटतात, पूड करत नाहीत. त्यांचं बरोबर आहे.

लाटताना रुंदी टिनाच्या लांबीइतकी, आठ इंच. लांबी सोळा इंच, त्याहून जास्त नको. जास्त लांब लाटलं की वळसे वाढतात, फोटो छान येतो आणि ब्रेड मात्र थराथराने सुटतो. अंड्याचा हात, त्यावर भरण, पलीकडच्या टोकाला इंचभर कोरी पट्टी. भरण हाताने दाबून बसव. मग अळूवडीची सुरळी वळतेस तशी वळ. प्रत्येक वळशाला बोटांनी दाबत जायचं, आत हवा ठेवायची नाही, पण ओढून ताणायचंही नाही. ताणलेलं पीठ ओव्हनमध्ये मागे सरतं आणि पुन्हा तीच पोकळी. शिवण चिमटून बंद कर, दोन्ही टोकं आत दुमड, शिवण खाली घेऊन टिनमध्ये ठेव. तळाशी चिकट थर साचतो तो बहुधा उघड्या टोकांतून आणि सुटलेल्या शिवणीतून गळालेल्या साखरेचा.

दुसऱ्या फुगण्यात तू घसरतेस असा माझा संशय आहे. मधला भाग टिनच्या कडेच्या इंचभर वर आला की थांब. आणखी ठेवलं तर आणखी फुगेल हे खरं, पण मग भिंती इतक्या पातळ होतात की वाफेपुढे टिकत नाहीत. बोटाने हलकेच दाबून बघ. खळगा सावकाश भरून आला तर ओव्हनमध्ये घाल. झटकन भरला तर थोडा वेळ दे. भरलाच नाही तर आधीच उशीर झालाय, पटकन भाज. ओव्हनमध्ये घालण्याआधी बारीक सळईने पाच-सहा ठिकाणी तळापर्यंत टोच. कोंडलेली हवा निघते आणि वाफेला वाट होते. दिसायला रानटी वाटतं, पण भोकं भाजताना बुजतात.

350 फॅरनहाइटला सुमारे 40 मिनिटं. साखर-दुधाचा ब्रेड वरून लवकर तांबूस होतो, तेव्हा वीस मिनिटांनी वर फॉइल सैल ठेव. झाला की नाही ते रंगावरून ठरवू नकोस. पंधरा डॉलरचा थर्मामीटर आण आणि पोटात घाल. 195 फॅरनहाइटला आला की काढ. दहा मिनिटांनी टिनमधून सोडवून जाळीवर, आणि मग किमान तासभर हात लावायचा नाही. आतला स्टार्च निवता निवता घट्ट होत असतो. गरम कापलास तर सुरी काप दाबून चिकट करते आणि आपल्याला वाटतं कच्चा राहिला. अख्ख्या कृतीतली सगळ्यात कठीण पायरी हीच, त्या वासात तासभर बसायचं.

गणपतीला मंडळाच्या स्टॉलवर विकायला ठेवायचं तुझ्या मनात आहे, असं तुझी आई म्हणाली. ओहायोत घरच्या ओव्हनमधला असा ब्रेड परवाना न घेता विकता येतो. लेबल मात्र लागतं: पदार्थाचं नाव, घटक, वजन, नाव-पत्ता, ॲलर्जी होणारे पदार्थ आणि हा पदार्थ घरी तयार केल्याची ओळ. गहू, दूध, अंडं तिन्ही लिहायला लागतील. कायदा तुझ्या आड येत नाही, तुझा ब्रेड येतो. यंदाचा गणपती सोड, पुढच्या वर्षी ठेव. मार्गारेट रडकिन या बाईंची गोष्ट तुला आवडेल. कनेक्टिकटमधल्या फेअरफील्डला राहायच्या. धाकट्या मुलाला दमा आणि ॲलर्जी, म्हणून जात्यावर दळलेल्या अख्ख्या गव्हाचा ब्रेड घरी करायला लागल्या. पहिला लोफ इंचभर उंचीचा दगड झाला होता, असं त्याच सांगत. जमल्यावर 1937 मध्ये त्या तो विकायला लागल्या आणि आपल्या शेताचं नाव त्याला दिलं, पेपरिज फार्म. 1961 मध्ये ती कंपनी कॅम्पबेल सूपने घेतली. आज त्याच नावाचा दालचिनीच्या चक्रीचा ब्रेड तुझ्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. एक पाकीट आणून टोस्ट करून खा. ग्राहक तुझ्या ब्रेडची तुलना त्याच्याशीच करणार आहेत.

उरलेला ब्रेड फ्रिजमध्ये ठेवू नकोस, तिथे तो सगळ्यात लवकर शिळा होतो. दोन दिवस बाहेर चालतो. त्यापुढचा कापून फ्रीझरमध्ये टाक आणि एकेक काप काढून तसाच टोस्टरमध्ये घाल.

तब्येतीला जप. थंडीत बाहेर पडताना डोकं झाकत जा.

तुझी,
माईमावशी

ता. क. दालचिनीचं राहिलं. इथे दुकानात जी पूड मिळते ती बहुतेक कॅशिया, बरीचशी इंडोनेशियाची. व्हिएतनामची आणखी जहाल. श्रीलंकेची खरी दालचिनी वेगळ्या झाडाची. तिची नळी पातळ सालींची, बोटांनी चुरते आणि वास मवाळ. या ब्रेडला मी कॅशियाच घेते, कारण साखर-बटरच्या गर्दीत मवाळ दालचिनी हरवते. कॅशियात कुमारिन असतं आणि ते फार झालं तर यकृताला वाईट. युरोपात दर किलो वजनामागे दिवसाला 0.1 मिलिग्रॅमची मर्यादा सांगतात. आपल्या 8 ग्रॅमच्या लोफचे 12 काप केले तर एका कापात दालचिनी पाऊण ग्रॅमही येत नाही. तुला काही होत नाही. लहान मुलाला मात्र रोज दोन-तीन काप देऊ नयेत. आणि स्वस्त, अनोळखी पूड घेऊच नकोस. 2023 च्या शेवटी इथे लहान मुलांच्या सफरचंदाच्या गरात दालचिनीतून शिसं गेल्याचं उघड झालं. 2024 मध्ये इथल्या अन्न-औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, शिसं सापडलेल्या दुकानातल्या पुडींची नावं जाहीर केली आणि ती यादी नंतर वाढत गेली. घेण्याआधी यादी बघ. आईला पुण्याहून पाठवायला सांगू नकोस, वाण्याकडची जाड साल बहुधा कॅशियाच असते. कोकणातून कुणी येणार असेल तर मात्र तिकडच्या बागेतली पातळ साल मागव. वाळलेले मसाले आणायला इथे बंदी नाही, कस्टमच्या अर्जावर तेवढं लिहायला सांग. ती आली की अर्धी मला पाठव, खिरीला हवी आहे.